कॅमेरा चालू केला की रेंज का जाते? आरसी प्लेनवरच्या कॅमेऱ्याचा रेडिओ गोंधळ कसा शोधायचा आणि कसा मिटवायचा

फलटण साइडला मित्राच्या रानात माझं दोन मीटरचं फोमी ग्लायडर उसात गेलं तिथून ही सगळी गोष्ट सुरू झाली. साधारण ३०० मीटरवर होतं, म्हणजे काहीच लांब नाही, स्टिक हलवतोय तर प्लेन ऐकेना, मग फेलसेफ (सिग्नल तुटला की रिसीव्हर आपोआप लावतो ती ठरलेली अवस्था) लागला, मोटर बंद आणि निवांत गोल गोल फिरत उसात. उसात पडलेलं मॉडेल शोधणं म्हणजे काय असतं ते ज्याने शोधलंय त्यालाच माहीत, हात-तोंड सगळं पात्यांनी कापून निघतं. तिसऱ्या दिवशी सापडलं. मी रिसीव्हरला शिव्या घातल्या, नवा आणला, अँटेना बदलल्या, बीईसी (रिसीव्हरला पॉवर देणारा रेग्युलेटर) बदलला, आणि पुढच्या रविवारी परत तेच! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शेवटी कळलं की भानगड नाकावर डबल टेपने चिकटवलेल्या छोट्या एचडी कॅमेऱ्याची होती. कळायला एवढा वेळ का लागला? तर रेंज चेक मी दर वेळी इमानदारीत करायचो, पण कॅमेरा बंद ठेवून, उगाच कार्ड आणि बॅटरी कशाला खर्च करा म्हणून. रेकॉर्डिंग चालू करायचो ते थेट प्लेन फेकायच्या आधी.

म्हणजे जी अवस्था हवेत असणार होती ती जमिनीवर मी एकदाही तपासलीच नव्हती. खालचं सगळं त्या एका चुकीभोवती फिरतं, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

कॅमेरा आवाज करतो म्हणजे नक्की काय

आवाज म्हणजे इथे कानाला येणारा नाही, रेडिओतला नको असलेला गोंधळ. वायफाय नसलेला कॅमेरा ट्रान्समीटर नसतो, बरोबर, पण त्याच्या आत सेन्सर, प्रोसेसर, मेमरी आणि दोन-चार छोटे स्विचिंग रेग्युलेटर असतात आणि सगळे सेकंदाला लाखो-कोटी वेळा चालू-बंद होतात. चालू-बंद जितकं धारदार तितके त्याचे हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले सिग्नल) वर लांबपर्यंत जातात. कॅमेऱ्यात २४ किंवा २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल अगदी कॉमन आहे. आता गंमत बघा, २४ ला १८ ने गुणा, ४३२ येतं. २७ ला १६ ने गुणा, परत ४३२. म्हणजे ४३३ मेगाहर्ट्झच्या लाँग रेंज सिस्टीमच्या अगदी उंबऱ्यावर. २४ गुणिले ३ म्हणजे ७२, तो अमेरिकेतला जुना मॉडेल प्लेनचा बँड. बोर्डावर कुठे २५ मेगाहर्ट्झचं क्लॉक असेल तर त्याचा ६३वा हार्मोनिक १५७५ ला पडतो आणि जीपीएसचा एल-वन सिग्नल आहे १५७५.४२ वर. आता प्रत्येक कॅमेरा असाच वागेल असं नाही, एकाच मॉडेलचे दोन नगसुद्धा वेगळे निघतात, पण मोजल्याशिवाय कुणाला निर्दोष धरू नका एवढंच.

या ठरलेल्या टोकांशिवाय रेग्युलेटर आणि मेमरीचा पसरट कचरा असतो तो वेगळाच, आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की तो वाढतो कारण कार्डवर धडाधड लिहिणं चालू होतं.

हा आवाज ताकदीने तसा अगदी किरकोळ. प्रॉब्लेम असा की रिसीव्हर ऐकतोय तेही किरकोळच. ईएलआरएस या कंट्रोल सिस्टीमचा २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर २५० हर्ट्झ मोडला उणे १०८ डीबीएमपर्यंत ऐकू शकतो (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल दुबळा). जीपीएसचा सिग्नल जमिनीवर येतो तेव्हा साधारण उणे १३० डीबीएम असतो. एवढं कुजबुजणं ऐकणाऱ्याच्या कानाशी चार सेंटीमीटरवर तुम्ही रेडिओ लावून ठेवलाय. हिशोब सोपा आहे: रिसीव्हरपाशी आवाज ६ डीबीने वाढला की रेंज अर्धी, २० डीबीने वाढला की एक दशांश. दोन किलोमीटरची रेंज २०० मीटरवर येते आणि घरात, गच्चीवर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तुम्हाला काहीही जाणवत नाही कारण तिथे सिग्नल धो धो असतो.

३५ मेगाहर्ट्झच्या जुन्या एफएम सेटवर निदान सर्व्हो थरथरायचे, लगेच कळायचं काहीतरी गडबड आहे. आजची डिजिटल सिस्टीम खराब पॅकेट गपचूप फेकून देते आणि आधीची पोझिशन धरून बसते, त्यामुळे पायलटला शेवटच्या क्षणापर्यंत सगळं लोण्यासारखं वाटतं आणि मग एकदम फेलसेफ. फ्रिक्वेन्सी हॉपिंग आहे ना मग कशाला घाबरायचं असं कुणी म्हटलं तर, हॉपिंग एखाद-दुसऱ्या टोकाला चुकवतं, पूर्ण बँडभर पसरलेल्या कचऱ्याला नाही.

आधी मोजा, औषध नंतर

मोकळं मैदान घ्या, आजूबाजूला वायफाय कमी असेल असं. प्लेन जमिनीवर ठेवायचं नाही, जमीन सिग्नल खाते. प्लास्टिकच्या खुर्चीवर किंवा लाकडी स्टुलावर साधारण मीटरभर उंच ठेवा (लोखंडी टेबल अजिबात नको). प्रॉप काढा. हे खरंच काढा, फेलसेफ टेस्ट करताना मोटर अचानक फिरली तर बोटं जातात.

मग हातातल्या रेडिओची (ट्रान्समीटरची) पॉवर खाली आणा. ज्यांच्या रेडिओत रेंज चेक मोड आहे त्यांनी तो वापरा, फ्रस्काय कंपनीच्या मोडमध्ये रेंज ३० पटीने कमी होते. बऱ्याच सेटच्या मॅन्युअलमध्ये ३० पावलांची टेस्ट दिलेली असते तीच ही. ईएलआरएसवाल्यांनी पॉवर १० मिलीवॅटवर ठेवायची आणि डायनॅमिक पॉवर बंद करायची, ती चालू राहिली तर लिंक बिघडायला लागली की सिस्टीम स्वतःच पॉवर वाढवते आणि तुमची सगळी टेस्ट पाण्यात. नेहमी २५० मिलीवॅटवर उडवत असाल तर १० मिलीवॅट म्हणजे पॉवर २५ पट कमी, म्हणजे रेंज ५ पट कमी, म्हणजे इथले १०० मीटर हे उडवतानाचे ५०० मीटर धरा.

काय वाचायचं? इथे बरेच जण फसतात, मीही फसलो. आरएसएसआय बघू नका. आरएसएसआय सांगतो तुमचा सिग्नल किती जोरात पोचला, शेजारी किती कोलाहल आहे ते नाही, त्यामुळे आरएसएसआय मस्त आणि लिंक मरणपंथाला असं होऊ शकतं. बघायचं ते लिंक क्वालिटी (किती टक्के पॅकेट नीट पोचली) आणि एसएनआर (सिग्नल गोंधळाच्या किती वर आहे). एजटीएक्स (रेडिओतलं सॉफ्टवेअर) च्या टेलिमेट्री पानावर आरक्यूएलवाय आणि आरएसएनआर असे दोन सेन्सर दिसतील ते प्लेनवरच्या रिसीव्हरचे, टीक्यूएलवाय हा तुमच्या हातातल्या मॉड्यूलचा. आपला चोर प्लेनवर बसलाय, म्हणून आर ने सुरू होणारे आकडे. टेलिमेट्रीच नसेल तर साधी पद्धत, मित्राला प्लेनपाशी उभं करा, तुम्ही रडर सतत डावी-उजवी करत मागे मागे जा, रडर अडखळायला लागली की तो हात वर करेल, तिथे चपलेने रेघ मारा.

आता खरी टेस्ट. त्याच जागी, प्लेनचं तोंड त्याच दिशेला ठेवून, एकामागून एक: कॅमेरा प्लेनवरून पूर्ण काढलेला, कॅमेरा बसवलेला पण बंद, चालू पण रेकॉर्डिंग नाही, रेकॉर्डिंग चालू, रेकॉर्डिंग आणि वायफाय दोन्ही चालू. प्रत्येक वेळी मिनिटभर थांबा, आकडे वहीत लिहा. डोक्यात ठेवू नका, पाचव्या टेस्टला पहिलीचा आकडा आठवत नाही. प्लेन ९० अंश फिरवून परत एकदा करा कारण अँटेना ज्या दिशेला आंधळी असते तिथेच हा त्रास आधी दिसतो. आणि मित्राला सांगा रीडिंग घेताना प्लेनला कवटाळून उभा राहू नकोस, माणसाचं अंग २.४ चांगलंच अडवतं.

बंद आणि रेकॉर्डिंग यात लिंक क्वालिटी दोन-चार टक्के इकडेतिकडे झाली तर सोडून द्या, तेवढं वाऱ्यानेही होतं. पण ९९ ची ७० झाली, किंवा रेघ अर्ध्या अंतरावर आली, तर चोर सापडला. फरकच पडत नसेल तर कॅमेरा निर्दोष, मग दुसरीकडे बघा, चोर सोडून संन्याशाला फाशी नको.

तारेतून येतंय की हवेतून

ही पायरी लोक गाळतात आणि मग फेराइट रिंगांवर (वायरीवरचा गोंधळ अडवणाऱ्या रिंगा) पैसे घालत बसतात. कॅमेऱ्याचा कचरा दोन वाटांनी जातो. एक, पॉवरच्या वायरमधून बीईसीत आणि तिथून रिसीव्हरच्या प्लस-मायनसमध्ये. दोन, सरळ हवेतून, कॅमेऱ्याच्या बोर्डावरून किंवा त्याला जोडलेल्या वायरवरून, कारण १५-२० सेंटीमीटरची लोंबणारी वायर म्हणजे फुकटची अँटेना.

वेगळं करायचं सोपं आहे. कॅमेरा प्लेनच्या वायरिंगमधून पूर्ण सोडवा आणि त्याच जागी त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर, नाहीतर वेगळ्या छोट्या लायपो बॅटरीवर चालवा (व्होल्टेज बघून, ५ व्होल्टच्या कॅमेऱ्याला थेट २एस म्हणजे दोन सेलची बॅटरी लावलात तर इंटरफेरन्स कायमचा मिटेल, कॅमेऱ्यासकट). त्रास गेला तर वायरची वाट. त्रास तसाच तर हवेची वाट. आता कॅमेरा हातात घेऊन हळूहळू रिसीव्हरपासून लांब न्या, कितव्या सेंटीमीटरला आकडे सुधारतात ते मोजपट्टीने बघा. हा आकडा सोन्याचा आहे, पुढचं निम्मं काम यावर ठरतं.

ज्यांच्याकडे आरटीएल-एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) पडलाय त्यांची मजा आहे. कॉमन डोंगल साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ बघतो, म्हणजे ४३३, ८६६ आणि जीपीएस सगळं आलं, २.४ मात्र नाही. कोॲक्स केबलच्या टोकाला तारेचा एक सेंटीमीटरचा वेढा करून आतल्या तारेपासून बाहेरच्या जाळीला सोल्डर करा, झाला तुमचा प्रोब. वॉटरफॉल स्क्रीन (फ्रिक्वेन्सीचं सरकतं चित्र) चालू ठेवून तो कॅमेऱ्यावरून आणि वायरींवरून फिरवा आणि रेकॉर्डचं बटण दाबा. पट्टे उगवताना डोळ्यांनी दिसतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा दहा मिनिटं नुसता कॅमेरा चालू-बंद करत बसलो होतो.

आता उपाय, स्वस्तापासून महागाकडे

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर परत तीच टेस्ट. तीन गोष्टी एकदम केल्या तर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही.

सगळ्यात आधी कॅमेऱ्याचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद. मोबाइलवर प्रीव्ह्यू दाखवणारे अॅक्शन कॅमेरे स्वतः वायफाय हॉटस्पॉट होतात, बऱ्याचदा २.४ वरच, आणि हा हार्मोनिकचा कचरा नाही तर रिसीव्हरच्या नाकाखाली चाललेला खराखुरा ट्रान्समीटर आहे. काही कॅमेऱ्यांत पॉवर बंद केली तरी वायरलेस जागं राहतं, लाइट लुकलुकत असतो, तो बघा. फ्रेम अँगल मोबाइलवर सेट करायचा असेल तर घरी करा.

मग अंतर. याच्यासारखा उपाय नाही आणि याला एक रुपया लागत नाही. लांबून बघितलं तर अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डीबीने कमी होतो, पण अगदी जवळ, काही सेंटीमीटरच्या खेळात, तो याहून खूप वेगाने पडतो. म्हणून ४ चे १५ सेंटीमीटर केले की जो फरक पडतो तो १५ चे ३० केल्याने पडत नाही. ग्लायडरमध्ये कॅमेरा नाकावर असतो आणि रिसीव्हर कॅनोपीखाली (वरच्या झाकणाखाली) त्याच्या मागेच कोंबलेला, सीजी (प्लेनचा तोल) जमवायचा म्हणून. रिसीव्हर पंखाच्या मागे सरकवा, वजन किती असतं त्याचं, दोन ग्रॅम! बॅटरी अर्धा सेंटीमीटर पुढे ढकलली की सीजी परत जागेवर. माझा प्रॉब्लेम नव्वद टक्के इथेच संपला, नवा रिसीव्हर आणि बीईसी उगाच आणले होते.

रिसीव्हर हलवता येत नसेल तर निदान अँटेना हलवा. २.४ च्या अँटेनात ऐकणारा भाग म्हणजे फक्त शेवटची उघडी ३१ मिलीमीटरची तार, बाकीची कोॲक्स नुसती वाहतूक करते. ती ३१ मिलीमीटर सरळ, कॅमेरा आणि वायरींपासून लांब आणि कार्बन रॉडला न चिकटवता. दोन अँटेना असतील तर एकमेकींना काटकोनात. एक बाजूला पंखात आणि एक उभी शेपटाकडे, स्ट्रॉचा तुकडा हॉट ग्लूने चिकटवून त्यात सरकवली की काम झालं. ८६६ वाल्यांचा पाव वेव्हलेंथचा तुकडा साधारण ८६ मिलीमीटर येतो, ४३३ चा १७३.

वायरची वाट निघाली असेल तर: कॅमेऱ्याच्या वायर जेवढ्या लागतात तेवढ्याच ठेवा, प्लस-मायनस एकमेकांना पिळा, सर्व्होच्या वायरींबरोबर एकाच झिप टायमध्ये बांधू नका. कॅमेऱ्याला पॉवर रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलमधून देऊ नका, सोपं पडतं म्हणून सगळे तेच करतात, थेट बॅटरीवरून छोटा वेगळा रेग्युलेटर आणि त्याच्या पुढे एलसी फिल्टर (कॉइल आणि कपॅसिटरचा) लावा. वेगळी बॅटरी त्याहून बरी.

फेराइटबद्दल खूप गैरसमज आहेत. बाजारात मिळणारी ३१ आणि ४३ नंबर मटेरियलची रिंग साधारण ३०० मेगाहर्ट्झपर्यंत चांगली, त्याच्या वर ६१ नंबर. म्हणजे ३५, ७२, ४३३ वाल्यांना उपयोग आहे, पण २.४ गिगाहर्ट्झचा त्रास रिंगेने जाईल अशी आशा ठेवू नका. लावायची तर कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी, प्लस-मायनस दोन्ही वायर एकत्र तिच्यातून तीन-चार वेढे. एकच वायर घातली तर करंटमुळे फेराइट सॅच्युरेट होऊ शकतं. दहा वेढे मारून जास्त फायदा होत नाही, उलट वेढे एकमेकांजवळ आले की वरच्या फ्रिक्वेन्सीला आवाज त्यांच्यावरून उडी मारून जातो.

शेवटी शील्डिंग. आधी स्वयंपाकघरातल्या पोळ्या गुंडाळायच्या फॉइलने ट्रायल घ्या: कॅमेऱ्याला सगळीकडून कॅप्टॉन टेप किंवा इन्सुलेशन टेप, वर फॉइल, लेन्स उघडी. फरक दिसला तरच कॉपर टेप आणा. टेपचे तुकडे एकमेकांवर चढवून शिवणीवर सोल्डरचे ठिपके द्या, कारण टेपचा गोंद बऱ्याचदा करंट नेत नाही, आणि सगळं मिळून एका ठिकाणी कॅमेऱ्याच्या ग्राउंडला जोडा. वायर बाहेर येते तिथून आवाजही बाहेर येतो, म्हणून फेराइट बरोबर त्या भोकाशी. एक धोका, कॅमेरा तापतो. एप्रिल-मे मध्ये विदर्भात कुणी हे करणार असेल तर आधी सावलीत वीस मिनिटं रेकॉर्ड करून बघा.

एवढं करूनही जात नसेल तर कॅमेरा बदला. अमुक रुपयांचा कॅमेरा वाचवायला त्याच्या दहापट किमतीचं प्लेन पणाला लावण्यात अर्थ नाही.

एफपीव्हीवाले इकडे या

एफपीव्ही म्हणजे प्लेनवरच्या कॅमेऱ्याचं चित्र थेट बघत उडवणं, त्यामुळे तुमच्याकडे कॅमेऱ्याबरोबर व्हिडिओ ट्रान्समीटरही (व्हीटीएक्स) आहे, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. २.४ चं कंट्रोल आणि ५.८ चा व्हिडिओ ही जोडी सगळ्यात कमी डोकेदुखीची. १.२ गिगाहर्ट्झच्या व्हिडिओचा दुसरा हार्मोनिक थेट २.४ मध्ये, ४३३ च्या कंट्रोलचा तिसरा हार्मोनिक १२९९ वर म्हणजे १.३ च्या व्हिडिओत, आणि आपल्याकडे १.२-१.३ लायसन्स-फ्री नाहीच त्यामुळे तो विषय मिटला. परदेशातून ९१५ चं मॉड्यूल मागवून इथे लावणाऱ्यांनाही सांगतो, ८९० ते ९१५ मध्ये आपल्या मोबाइलची वर जाणारी बाजू आहे आणि ९३५ च्या पुढे टॉवरची. भारतासाठी ईएलआरएसमध्ये आयएन८६६ असा वेगळा पर्याय दिलेला आहे तो निवडा. डिजिटल एचडी सिस्टीममध्ये कॅमेऱ्यापासून व्हीटीएक्सपर्यंत जाणारी चपटी केबल स्वतः आवाज टाकते, ती जीपीएसच्या खालून नेऊ नका.

जीपीएसला पहारेकरी करा

प्लेनवर जीपीएस असेल तर तो तुमचा फुकटचा मीटर आहे, सगळ्यात नाजूक कान त्याचाच. उघड्या आकाशाखाली कॅमेरा बंद ठेवून फिक्स लागू द्या, सॅटेलाइट मोजा, मग रेकॉर्डिंग चालू करून दोन मिनिटं थांबा. १८ चे ९ झाले तर कॅमेरा त्या भागात ओरडतोय. यू-ब्लॉक्सचा मॉड्यूल असेल तर यू-सेंटर सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सॅटेलाइटच्या सिग्नलचा खांब दिसतो, आकडा तोच राहिला तरी खांब खाली बसलेले तिथे कळतात. मॅपिंगवाले लोक रास्पबेरी पाय वगैरे वर घेऊन जातात त्यांनी यूएसबी ३ ची वायर जीपीएस आणि २.४ दोन्हीपासून लांब ठेवावी, यूएसबी ३ चा कचरा २.४ च्या बँडमध्ये येतो हे इंटेलने २०१२ मध्येच मोजून छापलंय.

फेकायच्या आधी

शेवटची रेंज चेक उडवतानाच्या अवस्थेत: कॅमेरा रेकॉर्डिंगला, व्हीटीएक्स चालू, कॅनोपी बंद, सगळं जिथल्या तिथे चिकटवलेलं. मग कुणीतरी प्लेन घट्ट धरून मोटर अर्ध्या थ्रॉटलला (इथे प्रॉप परत लावलेला असणार, हात आणि शर्टाची बाही मागे) कारण ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोलर) आणि कॅमेरा वेगवेगळे ठीक वाटतात आणि एकत्र आले की बिघडतात. रेडिओ बंद करून फेलसेफ बघा, मोटर थांबलीच पाहिजे. पॉवर आणि डायनॅमिक पॉवर परत मूळ सेटिंगला आणायला विसरू नका, मी एकदा १० मिलीवॅटवरच उडवलं होतं.

आणि वहीतले दोन आकडे, कॅमेरा बंद आणि रेकॉर्डिंगचे, मार्करने टेपवर लिहून कॅनोपीच्या आत चिकटवा. सहा महिन्यांनी कार्ड बदललं, फर्मवेअर अपडेट केलं किंवा कॅमेराच दुसरा लावला की परत मोजायचं आणि त्या टेपशी ताडायचं. माझ्या ग्लायडरच्या टेपवर आता चार ओळी झाल्यात, तिसरी फक्त मेमरी कार्ड बदललं म्हणून.